सॉफ्टवेअर टाकताना ॲडमिनचा हक्क: कुठे द्यायचा, कुठे नाही

नवा लॅपटॉप दुकानातून घरी येतो तेव्हा त्यात बहुधा एकच खातं असतं आणि ते ॲडमिनिस्ट्रेटरचं असतं. त्याच खात्यावर मुलगा गेम टाकतो, आई बँकेचं काम करते, बाबा व्हॉट्सॲप वेब उघडतात आणि वर्षाच्या आत ‘मशीन स्लो झालंय, फॉरमॅट मारून द्या’ म्हणून तो पुन्हा दुकानात जातो. कर सल्लागाराच्या, झेरॉक्सवाल्याच्या, शाळेच्या कचेरीतही हीच तऱ्हा. सॉफ्टवेअर टाकायला घेतलं की स्क्रीन अंधारते, मधोमध एक चौकट येते आणि विचारते: या प्रोग्रॅमला तुमच्या मशीनमध्ये बदल करू द्यायचे का? येस दाबलं की काम पुढे सरकतं, एवढाच अर्थ बहुतेकांनी त्यातून घेतलेला असतो.

ही कृती घरात किंवा कचेरीत ‘कॉम्प्युटरचं बघणाऱ्या’ माणसासाठी आहे. मशीन विंडोज १० किंवा ११ असलेलं धरलं आहे. विंडोज १० च्या नेहमीच्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, तरी ती मशीन घरोघरी चालू आहेतच. पायऱ्या दोन्हीकडे जवळपास सारख्या. नोकरीच्या ठिकाणचा लॅपटॉप असेल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल शेवटी दोन ओळी.

आधी थोडं कारण

विंडोजमध्ये काही जागा प्रत्येकाच्या स्वतःच्या असतात आणि काही सगळ्यांच्या मिळून. तुमचे डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स हे तुमचं घर. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डर, विंडोजचं स्वतःचं फोल्डर, रजिस्ट्रीचा सामायिक भाग, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर, मागे गुपचूप चालणाऱ्या सर्व्हिसेस ही सोसायटीची गच्ची आणि पाण्याची टाकी. घरातलं कपाट कुठे हलवायचं ते तुम्ही ठरवा, टाकीला हात लावायचा तर सेक्रेटरीला विचारावं लागतं.

विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी जो तो सेक्रेटरी होता, कोणी कोणाला विचारत नसे. व्हिस्टा २००७ मध्ये बाजारात आलं तेव्हापासून ही विचारणारी चौकट सुरू झाली. तिचं नाव युझर अकाउंट कंट्रोल, बोलताना यूएसी. आता ॲडमिनच्या खात्यावर लॉगिन केलं तरी विंडोज तुम्हाला रोजच्या कामासाठी साधेच हक्क देतं आणि पूर्ण हक्क बाजूला ठेवतं. चौकटीत येस दाबलं की ते पूर्ण हक्क त्या एका प्रोग्रॅमला, तो बंद होईपर्यंत मिळतात. पुढची सगळी कृती यावरच उभी आहे: हक्क द्यायचा तो एका कामापुरता. माणसाला कायमचा द्यायचा नाही आणि प्रोग्रॅमलाही नाही.

पायरी १: आपण कोण आहोत ते पाहा

सेटिंग्ज उघडा, अकाउंट्समध्ये ‘युअर इन्फो’ वर जा. नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलेलं दिसलं तर तुम्ही ॲडमिन. तसं काही नसेल तर साधं, म्हणजे स्टँडर्ड खातं. चौकटीवरूनही ओळखता येतं: नुसतं येस-नो विचारते ती ॲडमिनला, पासवर्ड किंवा पिन मागते ती साध्या खात्याला.

पायरी २: खाती दोन करा

घरी एकच माणूस मशीन वापरत असला तरी दोन खाती हवीत. एक रोजच्या कामाचं, साधं. दुसरं ॲडमिनचं, ज्यावर एरवी कोणी लॉगिन करत नाही. चौकटीने मागितला की त्याचा पासवर्ड तेवढा टाकायचा. एका क्लिकने येस दाबणं आणि आठ-दहा अक्षरांचा पासवर्ड टाकणं यात जो पाच सेकंदांचा फरक आहे तेवढ्यात माणूस चौकट वाचतो. शिवाय मायक्रोसॉफ्ट स्वतःच यूएसीला पक्की तटबंदी मानत नाही. ॲडमिनच्या खात्यावर बसलेल्या वाईट प्रोग्रॅमला ही चौकट चुकवून वर चढायच्या पळवाटा असतात. साध्या खात्यावर बसलेल्याची वाट कितीतरी अवघड होते.

क्रम मात्र चुकवू नका. आधी नवं ॲडमिन खातं तयार करा, त्याने एकदा लॉगिन करून पाहा, आणि मगच जुनं खातं साधं करा. उलट केलं आणि नव्या खात्याच्या पासवर्डमध्ये गडबड निघाली तर आत जायला दार उरत नाही. विंडोजमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचं एक मूळचं खातं असतं, पण ते बंद करून ठेवलेलं असतं आणि बंदच राहू द्यावं. त्या खात्याला यूएसी सहसा विचारतच नाही.

खातं करायचं ते असं. सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘अदर युझर्स’ आणि तिथे ‘ॲड अकाउंट’ (विंडोज १० मध्ये ‘फॅमिली अँड अदर युझर्स’ खाली शोधा). ते ईमेल मागेल. ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ अशा अर्थाची ओळ खाली असते ती दाबा, पुढच्या पानावर ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युझर’ निवडा. नाव, पासवर्ड आणि तीन सुरक्षा प्रश्न भरा. प्रश्नांची उत्तरं खरी द्यायलाच हवीत असं नाही. जन्मगाव तर सगळ्या नातेवाइकांना माहीत असतं. खातं तयार झालं की त्यावर क्लिक करून ‘चेंज अकाउंट टाइप’ मध्ये ॲडमिनिस्ट्रेटर निवडा.

खात्याचं नाव मराठीत ठेवायचा मोह होतो, तो इथे आवरा. त्या नावावरून विंडोज युझरचं फोल्डर बनवतं आणि कित्येक जुनी सॉफ्टवेअर देवनागरी अक्षरं असलेला पत्ता पाहून मधेच गळपटतात. नाव इंग्रजीत, लहान, मधे जागा न सोडता. लॉगिनच्या पडद्यावर दिसणारं नाव नंतर हवं तर बदलता येतं, फोल्डरचं नाव मात्र तेच राहतं.

पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. मॉनिटरला चिकटवू नका, एवढं पथ्य पुरे. ज्यांचा कीबोर्ड मराठीवर असतो त्यांनी सेटअप सुरू करण्याआधीच विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून तो इंग्रजीवर आणावा. बरोबर पासवर्ड तीनदा टाकूनही ‘चुकीचा’ म्हणतं, तेव्हा पुष्कळदा हेच झालेलं असतं.

पायरी ३: फाइल कुठून आली

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच घ्यायचं. गुगलमध्ये नाव टाकल्यावर सगळ्यात वर येतं ती बऱ्याचदा जाहिरात असते, आणि फुकट डाउनलोडच्या साइटवर जे सर्वांत मोठं हिरवं बटण दिसतं ते बहुधा दुसऱ्याच कशाचं असतं.

फाइल उतरली की डबल क्लिक करण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा टॅब असेल तर त्यात कोणाची सही आहे ते दिसतं. व्हीएलसी प्लेअरच्या सेटअपवर व्हिडिओलॅनचं नाव असायला हवं; तिसऱ्याच कंपनीचं निघालं तर ती फाइल उडवा. टॅबच नसेल तर सही नाही. सही नाही म्हणजे फाइल वाईट असंही नव्हे: सेव्हन-झिपसारखं विश्वासाचं, फुकट साधन वर्षानुवर्षं सहीशिवायच येत राहिलं. अशा वेळी सगळा भरवसा फाइल कुठून घेतली यावर, म्हणून मूळ साइट.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. नेटवरून आलेली अनोळखी फाइल चालवली की ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ अशी मोठी निळी खिडकी येते. ती यूएसीची चौकट नव्हे, ती स्मार्टस्क्रीनची. स्मार्टस्क्रीन फाइलची पत बघतो: ही किती जणांनी घेतली आहे, कोणाच्या नावाची आहे. यूएसी फक्त हक्काचं विचारतं. म्हणून स्मार्टस्क्रीन गप्प राहिला याचा अर्थ यूएसीला डोळे मिटून येस म्हणावं असा होत नाही.

आणि क्रॅकबद्दल स्पष्टच बोलायचं तर, फुकटात मिळालेल्या फोटोशॉपबरोबर येणारी छोटी फाइल ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ॲडमिन म्हणून चालवा’ असं सांगते, तेव्हा कुठल्याशा अनोळखी माणसाला आपण गच्चीची चावी देत असतो आणि वॉचमनलाही सुट्टी देत असतो. त्यावर कुठलीही पायरी लागू पडत नाही.

पायरी ४: ॲडमिनचा हक्क खरंच लागतो का

बरीच सॉफ्टवेअर आता दोन रीतींनी टाकता येतात: फक्त माझ्यासाठी, किंवा या मशीनवरच्या सगळ्यांसाठी. व्हीएस कोडचे तर युझर आणि सिस्टिम असे दोन वेगळे सेटअप मिळतात. पायथॉन पहिल्या पानावरच विचारतो. ‘फक्त माझ्यासाठी’ घेतलं की सॉफ्टवेअर तुमच्या युझर फोल्डरमध्ये बसतं, ॲडमिन लागत नाही. एकटे वापरत असाल तर हाच मार्ग बरा. तिघे जण तीन खात्यांनी बसत असतील तर एकच गोष्ट तीनदा टाकण्यापेक्षा एकदा ॲडमिनच्या हक्काने सगळ्यांसाठी टाकावी.

मराठीत टायपिंग करणाऱ्यांच्या हे सर्वांत जास्त अंगावर येतं ते फाँटच्या बाबतीत. पूर्वी फाँट टाकायला ॲडमिनच लागायचा. विंडोज १० च्या २०१८ मधल्या सुधारणेपासून फाँटच्या फाइलवर राइट क्लिक केलं की दोन पर्याय दिसतात: नुसतं ‘इन्स्टॉल’ आणि ‘इन्स्टॉल फॉर ऑल युझर्स’. दुसऱ्याच्या बाजूला छोटी निळी-पिवळी ढाल असते. विंडोजमध्ये ही ढाल जिथे दिसेल तिथे पुढे ॲडमिनची चौकट येणार, असं समजायचं.

नुसतं ‘इन्स्टॉल’ केलेला फाँट एकाच खात्यापुरता राहतो. सकाळच्या टायपिस्टने तो टाकला, तिच्या लॉगिनमध्ये पत्रक व्यवस्थित. दुपारी दुसरा माणूस त्याच्या लॉगिनने तीच फाइल उघडतो आणि डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुराडा दिसतो. फाइल करप्ट झाली म्हणून आरडाओरड होते, पेनड्राइव्ह बदलून बघतात. शिवाय काही जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरना एका खात्यापुरता टाकलेला फाँट दिसतच नाही. त्यांची नजर फक्त विंडोजच्या सामायिक फाँट फोल्डरवर. म्हणून कचेरीच्या मशीनवर फाँट टाकायचा तो ढालवाल्या पर्यायाने, पासवर्ड टाकून, एकदाच.

पायरी ५: चौकट वाचा

आता सेटअपवर डबल क्लिक करा. चौकट आली की तीन गोष्टी बघायच्या.

प्रोग्रॅमचं नाव. तुम्ही जे टाकायला घेतलं तेच आहे ना?

पब्लिशर. सहीची खातरजमा झाली असेल तर चौकटीचा माथा निळा असतो आणि ‘व्हेरिफाइड पब्लिशर’ पुढे नाव येतं. सही नसेल तर माथा पिवळा आणि पब्लिशर ‘अननोन’. लाल माथा म्हणजे विंडोजने स्वतःच अडवलंय, तिथे थांबा.

फाइलचा उगम. ही मशीनच्या डिस्कवरची आहे, नेटवरून उतरवलेली आहे की पेनड्राइव्हसारख्या काढत्या-घालत्या साधनावरची, ते लिहिलेलं असतं. खाली ‘शो मोअर डीटेल्स’ दाबलं की फाइलचा पूर्ण पत्ता दिसतो. डाउनलोड्समधल्या सेटअपवर क्लिक केलं आणि पत्ता कुठल्यातरी टेम्प फोल्डरचा दाखवतोय, असंही होतं. काही सेटअप आधी स्वतःला तिथे उलगडतात. नाव आणि पब्लिशर जुळत असतील तर त्यात वावगं नाही.

या तिन्हींच्या आधीचा प्रश्न: चौकट आपण काही केल्यावर आली की आपणहून उगवली? आपण काहीच केलेलं नसताना आली असेल तर नो. नो दाबल्याने काही मोडत नाही, खरंच हवं असलेलं सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करता येतं. कधीकधी चौकट पुढे न येता खाली टास्कबारवर ढालीचं चिन्ह लुकलुकत राहतं आणि सेटअप अडकल्यासारखा वाटतो. त्या ढालीवर क्लिक केलं की चौकट येते.

स्क्रीन अंधारते ती शोभेसाठी नाही. चौकट वेगळ्या, राखीव पडद्यावर उघडते, म्हणजे मागे चालू असलेला दुसरा प्रोग्रॅम तुमच्या वतीने येस दाबू शकत नाही. याचा एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोणी दुरून, रिमोटने तुमचं मशीन बघत असेल आणि त्याचं साधन साध्या हक्काने चालू असेल, तर या क्षणी त्याला काहीच दिसत नाही. मग तो फोनवर सांगतो, ‘मला स्क्रीन काळी दिसतेय, तुम्ही फक्त येस दाबा.’ हा माणूस तुम्ही स्वतः ओळखीच्या नंबरवर फोन करून बोलावलेला असेल, तर चौकटीतलं नाव त्याला वाचून दाखवा, मग दाबा. फोन समोरून आला असेल, बँकेचं किंवा वीजबिलाचं नाव सांगून, तर नो दाबून मशीनचं इंटरनेट बंद करा.

पायरी ६: शेवटच्या पानावरची टिक काढा

साध्या खात्यावर बसून ॲडमिनचा पासवर्ड टाकला की सेटअप त्या ॲडमिनच्या नावाने चालतो, तुमच्या नावाने नाही. एरवी हे जाणवत नाही. जाणवतं ते शेवटच्या पानावर, जिथे ‘आता सुरू करा’ अशी टिक आधीच मारून ठेवलेली असते. काही सेटअप नीट वागून प्रोग्रॅम तुमच्या खात्यात उघडतात, काही मात्र तसाच ॲडमिनच्या नावाने, पूर्ण हक्कांसह उघडतात. मग पहिल्यांदा भरलेली फर्मची माहिती, भाषा, सेटिंग सगळं ॲडमिनच्या फोल्डरमध्ये. तुम्ही एखादी फाइल डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह केली तर तीही ॲडमिनच्या डॉक्युमेंट्समध्ये. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम कोरा उघडतो आणि फाइल सापडत नाही.

म्हणून टिक काढा, फिनिश दाबा, मग स्टार्ट मेनूमधून प्रोग्रॅम साधा उघडा. फाइल हरवलीच असेल तर ॲडमिनच्या खात्याने लॉगिन करून तिथले डॉक्युमेंट्स बघा. नव्वद टक्के वेळा, म्हणजे माझ्या अंदाजाने, तिथेच सापडते.

याच कारणामुळे नेटवर्कवरचा झेड ड्राइव्ह सेटअपला दिसत नाही: तो तुमच्या लॉगिनला जोडलेला असतो. सेटअपची फाइल आधी मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. ॲडमिन हक्काने चालू असलेल्या खिडकीत साध्या एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकता येत नाही तेही यातच. कमी हक्काच्या प्रोग्रॅमने जास्त हक्काच्या खिडकीत हात घालू नये म्हणून विंडोज मधे पडतं.

पायरी ७: सेटअप अडला तर

‘ॲक्सेस इज डिनाइड’, एरर ५ किंवा ७४०: हक्क कमी पडला. फाइलवर राइट क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’.

एरर १९२५: सेटअप सगळ्यांसाठी टाकायला बघतोय आणि तेवढा हक्क त्याच्याकडे नाही. हा एमएसआय प्रकारच्या फाइलला येतो, आणि गंमत अशी की एमएसआयवर राइट क्लिक केलं तर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ त्या यादीत नसतंच. उपाय असा: स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून त्यावर राइट क्लिक करा आणि ते ॲडमिन म्हणून उघडा, खिडकीच्या माथ्यावर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ दिसायला हवं. मग शिफ्ट दाबून धरून एमएसआय फाइलवर राइट क्लिक करा आणि ‘कॉपी ॲज पाथ’ घ्या. काळ्या खिडकीत इंग्रजीत ‘एमएसआयएक्झेक’ सलग टाइप करा, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि लगेच ‘आय’, पुन्हा एक जागा सोडून कॉपी केलेला पत्ता पेस्ट करा आणि एंटर. पत्ता अवतरणचिन्हांसकट येतो, तो तसाच राहू द्या.

एरर १६०३ ने मात्र फसू नका. त्याचा अर्थ फक्त ‘काहीतरी बिनसलं’ एवढाच. हक्क हे एक कारण. जुनी आवृत्ती आधीच बसलेली असणं, फोल्डर दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेलं असणं ही इतर.

ॲडमिन असूनही विंडोजच्या स्वतःच्या फाइलला हात लावता आला नाही तर हट्ट सोडा. त्या फाइलींची मालकी ट्रस्टेड इन्स्टॉलर नावाच्या अंतर्गत खात्याकडे असते, ॲडमिनकडेही नाही. मालकी हिसकावून घ्यायच्या युक्त्या यूट्यूबवर पैशाला पासरी आहेत.

पायरी ८: ‘ॲडमिन म्हणूनच चालतं’ म्हणणारं सॉफ्टवेअर

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. सॉफ्टवेअर बसलं, पण साधं उघडलं की एरर देतं आणि ॲडमिन म्हणून उघडलं की चालतं. हार्डवेअरवाला मग शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये, कॉम्पॅटिबिलिटी टॅबखाली ‘नेहमी ॲडमिन म्हणून चालवा’ ची टिक मारतो आणि निघून जातो. आता रोज सकाळी प्रत्येक कारकुनाला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, म्हणजे आठवड्याच्या आत तो पासवर्ड मॉनिटरवर चिकटतो.

कारण बहुधा साधं असतं. एक्सपीच्या काळात लिहिलेलं हिशेबाचं, पावत्यांचं किंवा ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू पाहतं. तिथे साध्या खात्याला वाचता येतं, लिहिता येत नाही.

काही जुनी सॉफ्टवेअर तर एररही देत नाहीत, आणि ते जास्त वाईट. जुनं ३२ बिट सॉफ्टवेअर बंद पडू नये म्हणून विंडोज एक गुपचूप सोय करतं: प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायचं ते त्या युझरच्या ‘ॲपडेटा’ मधल्या ‘लोकल’ मधल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये लिहितं आणि प्रोग्रॅमला वाटू देतं की काम झालं. मग एका खात्याने केलेल्या पावत्या दुसऱ्या खात्याला दिसत नाहीत. तोच प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून उघडला की ही सोय लागू होत नाही, म्हणून त्यात तिसराच, जुना डेटा दिसतो. मार्चअखेरीला तीन माणसं एकाच मशीनवर तीन वेगवेगळ्या शिलकी दाखवत बसलेली असतात आणि एकमेकांवर संशय घेतात.

अशी शंका आली तर प्रोग्रॅम सगळीकडे बंद करा. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये लपवलेल्या फाइली दिसतील अशी टिक करा आणि प्रत्येक युझरच्या फोल्डरमधलं व्हर्च्युअलस्टोअर उघडून पाहा. डेटाच्या फाइली सापडल्या तर त्यांची तारीख आणि आकार लिहून घ्या, आणि सगळ्या प्रतींचा बॅकअप पेनड्राइव्हवर काढा, मूळ फोल्डरातल्या प्रतीचासुद्धा. कुठली प्रत खरी ते हिशेब बघणाऱ्या माणसाबरोबर बसून ठरवायचं. नुसती नवी तारीख बघून नाही, कारण दोघांनीही वेगवेगळ्या नोंदी केलेल्या असू शकतात.

मग मूळ दुखण्याकडे या. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डेटाचं फोल्डर बदलता येत असेल तर ते डी ड्राइव्हवर न्या. तिथे साध्या खात्यालाही सहसा लिहिता येतं. बदलता येत नसेल तर डेटाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट असं जा, यादीत ‘युझर्स’ निवडा आणि ‘मॉडिफाय’ समोर अलाउची टिक करून ओके म्हणा. हे करताना चौकट येईल, तिथे पासवर्ड टाका. यानंतर सॉफ्टवेअर साध्या हक्काने चालायला हवं. कॉम्पॅटिबिलिटीची ती टिक काढून टाका.

हा हक्क फक्त डेटाच्या फोल्डरला द्यायचा. अख्ख्या प्रोग्रॅमच्या फोल्डरला दिलात तर कोणालाही, किंवा कोणाच्याही खात्यात शिरलेल्या व्हायरसला, मुख्य फाइलच्या जागी दुसरी ठेवता येते, आणि पुढच्या वेळी ॲडमिन स्वतःच्या हाताने ती चालवतो. डेटा आणि प्रोग्रॅम एकाच फोल्डरात गुंतलेले असतील तर फक्त त्या डेटा फाइलींवर मॉडिफाय देऊन पाहा.

डिजिटल सहीच्या टोकनचंही लोक असंच समजतात. ई-टेंडर भरणाऱ्या ठेकेदारांकडे किंवा सीएंच्या कचेरीत यूएसबीचं जे टोकन असतं, त्याचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिन लागतो, तोही एकदाच. नंतर रोज सही करताना टोकनचा स्वतःचा पिन लागतो, त्याचा विंडोजच्या ॲडमिनशी संबंध नाही. सही करून देणारं छोटं साधन स्वतःहून ॲडमिन मागत असेल तर त्याची नवी आवृत्ती निघाली आहे का ते आधी पाहा.

यूएसीची पट्टी

कंट्रोल पॅनेलच्या युझर अकाउंट्समध्ये यूएसीची चार खाचांची उभी पट्टी आहे. सगळ्यात खाली ‘नेव्हर नोटिफाय’. ‘सारखं विचारतंय’ म्हणून पट्टी तिथे ओढून ठेवायचा सल्ला जो देतो त्याला पुन्हा बोलावू नका. मूळची खाच वरून दुसरी. तिथे विंडोजच्या स्वतःच्या काही सेटिंग्ज न विचारता बदलतात. साधं खातं वापरत असाल तर ती ठीक. ॲडमिनच्याच खात्यावर काम करायचा आग्रह असेल तर निदान सगळ्यात वरची.

नंतरची निगा

ब्राउझर बहुतेक स्वतःच सुधारतात; क्रोम आणि फायरफॉक्स त्यासाठी मागे सर्व्हिस बसवतात, म्हणून दर वेळी चौकट येत नाही. बाकीच्या सॉफ्टवेअरच्या सुधारणा साठवून महिन्यातून एकदा करा. सॉफ्टवेअर काढून टाकतानाही चौकट येते, तिथेही नाव वाचा.

कंपनीच्या लॅपटॉपवर ॲडमिनचा हक्क मागत बसू नका, सॉफ्टवेअर मागा: नाव, आवृत्ती, मूळ साइटचा पत्ता, कशासाठी हवं आणि किती जणांना. एवढं लिहिलेली मेल आयटीवाले लवकर हातावेगळी करतात. ‘फक्त माझ्यासाठी’ चा रस्ता तिथे उघडा असला तरी आधी विचारून घ्या.

बाहेरचा माणूस दुरुस्तीला येऊन गेला की त्याच दिवशी ‘अदर युझर्स’ ची यादी पाहा. ‘टेस्ट’, ‘सपोर्ट’, ‘पीसी’ अशा नावाचं नवं खातं आणि खाली ॲडमिनिस्ट्रेटर दिसलं तर त्याला फोन करून विचारा, गरज नसेल तर खातं काढा. रिमोटचं साधन त्याने टाकून ठेवलं असेल तर तेही काढा. आणि तुमचा ॲडमिनचा पासवर्ड त्याला सांगावा लागला असेल तर तो बदलून कपाटातल्या कागदावर नवा लिहा.